ओसाकात उसवलेली शिवण

कन्नड मुलखात, देवराज मोहल्ल्यात आमचं शिलाईचं दुकान आहे. आजोबांच्या आधीची माणसं कापड रंगवायची, छापायची. आजोबांनी रंगाची पातेली विकून मशीन घेतलं आणि तेव्हापासून आम्ही शिंपी. मी फक्त शर्ट-पँट शिवतो. पन्नाशी उलटेपर्यंत माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सोलापूर, तोही स्वतःच्या लग्नासाठी. नंतर दोन-चार वेळा बायकोला माहेरी सोडायला. त्यामुळे ओसाकाला नोकरी करणारी आमची मुलगी एका रविवारी फोनवर म्हणाली, "अप्पा, दसरा-दिवाळीची गर्दी संपली की तुम्ही तिघं इकडे या, तिकिटं मी काढते," तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "दुकान".

"दुकान कुठे पळून जात नाही," मुलगी म्हणाली.

"दोघं कारागीर आहेत की," बायको म्हणाली. ती इतक्या लगेच म्हणाली, की मला कळायला हवं होतं. मायलेकींचं हे महिनाभर आधीच ठरलेलं होतं, मला फक्त कळवण्यात येत होतं.

तिघांतली तिसरी म्हणजे माझी आई. वय चौऱ्याहत्तर, गुडघे तेवढे कुरकुरतात, बाकी तब्येत ठणठणीत. जपान कुठे आहे हे तिनं विचारलं नाही. "तिथे खायला काय?" एवढंच विचारलं.

"मासे, अज्जी," मुलगी फोनवरून म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली असणार.

आमच्याकडे रविवारी मटण शिजतं. अंडी तर रोजची. पण मासा आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडत नाही, आणि त्याला कारण आई. शास्त्र नाही, व्रत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की माशाचे डोळे उघडे असतात. "मरून पण बघत असतो," ती म्हणते. "ज्याला मेल्यावर डोळे मिटायचं कळत नाही, त्याला मी कशाला खाऊ?"

मग मुलीनंच तोड काढली. आमच्याच शहरातल्या गोकुळमला योग शिकायला परदेशी लोक येऊन राहतात, त्यांच्यासाठी तिथे नाना तऱ्हेची हॉटेलं निघाली आहेत. त्यात एक जपानी आहे. "आधी तिथे जाऊन सराव करा," ती म्हणाली. "म्हणजे इथे आल्यावर अज्जी उपाशी राहायची नाही."

आम्ही एका मंगळवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी गेलो. एका बंगल्याचा पुढचा भाग, अंगणात बांबूची झाडं, दारात चपला काढायच्या. आईला हे एकदम पसंत पडलं. मालकीणबाई कोडगूच्या निघाल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी अकरा वर्षं जपानात राहिलेल्या, स्वयंपाक तिथेच शिकलेल्या. स्वतःच वाढत होत्या. आईनं त्यांना बसवूनच घेतलं आणि कन्नडमध्ये उलटतपासणी सुरू केली. कशात मासा आहे, कशात नाही?

बाई प्रामाणिक होत्या. "अम्मा, दिसत नाही त्यातही असतो," त्या म्हणाल्या. "सूपसुद्धा सुक्या माशाच्या पाण्यावर करतात. मी तुमच्यासाठी आळंब्यांचं करते, पण तिथे गेल्यावर विचारून घ्या."

मग एकेक पदार्थ आले. आळंब्यांचं सूप आईनं वाटी उचलून सरळ प्यायलं आणि "सारासारखं आहे, मिरी कमी" असा निकाल दिला. त्यानंतर काळ्या पातळ पानात गुंडाळलेला भात आला. आईनं एक तुकडा उजेडात धरला.

"हा तर आपल्या दुकानातला कार्बन पेपर," ती म्हणाली.

"समुद्रातलं पान आहे, अत्ते," बायकोनं सांगितलं. आमच्याकडे सासूला अत्ते म्हणतात. बायको सोलापूरची, लग्न होऊन आली तेव्हा तिला आमचं मराठी कन्नडच्या तव्यावर भाजल्यासारखं वाटायचं. आता तिचंही तसंच झालंय, फक्त ती ते मान्य करत नाही.

काड्यांनी खायचं होतं. माझ्या काड्या एकमेकींकडे पाठ फिरवून बसल्या. बायको जिद्दीची, तिनं घाम गाळून तीन घास तोंडापर्यंत नेले. आईनं काड्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे झालं. "देवानं पाच बोटं सुम्मे, उगाच दिली नाहीत." आणि हातानं उचलून खाल्लं. मी ओशाळून मालकीणबाईंकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या की हा पदार्थ तिथेही पुष्कळ लोक हातानंच खातात, आणि तेच बरोबर समजतात. त्यानंतर आईनं आम्हा दोघांकडे जसं पाहिलं, ते सांगण्यात अर्थ नाही.

त्या दिवसापासून बायको रोज संध्याकाळी काड्यांनी शेंगदाणे उचलायला बसू लागली. निघायच्या आठवड्यात ती वाटीभर शेंगदाणे एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत न सांडता नेऊ शकत होती. थोडक्यात, खाण्याचा सराव चांगला झाला. पण गोकुळमच्या हॉटेलात टेबल-खुर्च्या होत्या. बसण्याचा सराव कोणालाच सुचला नाही.

माझी तयारी वेगळीच चालली होती. शिंप्यानं रेडिमेड घालून परदेशी जायचं म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे नेण्यासारखं. मी चार नव्या पँट शिवायला घेतल्या. त्यात मुलीनं एक फोटो पाठवला. "अप्पा, तुमची ती घोळदार पँट नको हं. इथे सगळे अशी बारीक घालतात." फोटोतला माणूस पंचविशीतला होता आणि त्याला पोट नव्हतं. तरी मी मनावर घेतलं. माझं माप मीच घेतलं, आणि तिथेच चुकलं. स्वतःचं माप स्वतः घेताना पोट आपोआप आत जातं. तीस वर्षांत शेकडो गिऱ्हाइकांना मी म्हणालो असेन, "साहेब, श्वास सोडा." मला म्हणायला कोणी नव्हतं. वर आणखी, शिवण जाड दिसू नये म्हणून आतलं मार्जिनही मी कमी ठेवलं. असं कापड कापणाऱ्या कारागिराला मी ओरडलो असतो.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. बंगळूरहून विमान, मध्ये एक बदल, मग ओसाका. आई सबंध प्रवास खिडकीशी बसली आणि ढग संपले की मला उठवून सांगायची, "आता खाली पाणी आहे." विमानतळावर मुलगी दिसली. दीड वर्षानं पाहत होतो. केस कापलेले, अंगात काळा कोट. आईनं तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "वाळलीस." मला ती वाळलेली वाटली नाही, पण आईपुढे हे बोलायची सोय नसते.

पहिले चार दिवस मजेत गेले. आगगाडीत कोणीच बोलत नाही हे पाहून आईनं हळूच विचारलं, "कोणी वारलंय का?" देवळात ती प्रत्येक मूर्तीपुढे हात जोडायची, बाहेरच्या दगडी कोल्ह्यापुढेसुद्धा. जवळच्या नारा शहरात हरणं मोकळी फिरतात, त्यांतल्या एकानं तिच्या पदराचा कोपरा चावून ओला केला, तर ती त्याला दम द्यायच्या ऐवजी म्हणाली, "पर्वागिल्ला, खा. सुती आहे." काहीच बिघडलं नाही असं म्हणायला आईचा हा शब्द ठरलेला. जेवण बहुतेक मुलीच्या छोट्या घरात, बायकोनं नेलेल्या मसाल्यांवर. बाहेर खायचं एकच ठिकाण मुलीनं ठरवून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल ती फार काही सांगत नव्हती. "माझ्या घराजवळच आहे. म्हातारा-म्हातारी चालवतात. मी त्यांना महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय," एवढंच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गेलो. आत एक लाकडी फळी, तिच्यापुढे पाच-सहा स्टुलं, फळीमागे म्हातारे आजोबा सुरी घेऊन उभे. आजींनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. खाली गवती चटया, मध्ये बुटकं चौरंगासारखं टेबल, आणि बसायला पातळ गाद्या. आई मागे एक उशी घेऊन भिंतीला टेकली, पाय पसरले आणि पदरानं झाकून घेतले. बायको आणि मुलगी दुमडून बसल्या. मी उभाच.

माझे वडील दिवसभर जमिनीवर मांडी घालून हातशिलाई करायचे. मी मात्र कापायला उभा असतो आणि शिवायला स्टुलावर. जेवायलाही आम्ही टेबलावर बसतो. जमिनीवर मी शेवटचा कधी बसलो होतो ते आठवेना. बहुधा कोणाच्या तरी मुंजीत.

"बसा ना अप्पा," मुलगी म्हणाली.

मी एक हात टेबलावर टेकला, गुडघे वाकवले आणि बसलो. बसताना आवाज झाला. फार मोठा नाही, पण कापडाचा आवाज मला ओळखायला शिकवायला नको. मागची, बसताना जिच्यावर सगळा ताण येतो ती शिवण, तिला आमच्या धंद्यात आसन म्हणतात. आसन वरपासून खालपर्यंत गेलं होतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं शिंप्याच्या घरात राहिलेली बाई, तिलाही आवाज कळतो. तिनं खांद्यावरची शाल काढून माझ्यामागे ठेवली आणि मेनूकार्डावरची चित्रं पाहू लागली.

जेवण सुरेख होतं असं सगळे म्हणतात. मला आठवतं ते असं, की मी ताठ बसलो होतो आणि वाटी घ्यायलासुद्धा पुढे वाकत नव्हतो. आजोबांनी आईसाठी सूप वेगळं, समुद्रातल्या पानांवर आणि आळंब्यांवर केलं होतं. आजी ते वेगळ्या रंगाच्या वाटीतून घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी आईपुढे ठेवलं. आईनं मुलीला विचारलं, "माझ्या एकटीसाठी केलं?" मुलगी हो म्हणाली. आई वाटीकडे थोडा वेळ बघत राहिली. नंतर आमच्यासाठी तळलेल्या माशाचे तुकडे आले, तेव्हा ती म्हणाली, "याला डोळे आहेत का?"

"नाही अज्जी. नुसता तुकडा आहे."

"मग एक दे. ते एवढं करतात, आपण एक तुकडा खाल्ला तर काय होतं?"

तिनं खाल्ला. आम्ही तिघंही खायचं थांबून बघत होतो. "भज्यासारखं आहे," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मागितला नाही.

शेवटी चहा झाला. मुलीला आजी-आजोबांबरोबर सगळ्यांचा फोटो हवा होता. ते दोघं दारात येऊन उभे राहिले. आई उठली, बायको उठली. मी बसून राहिलो.

"अप्पा, उठा की."

"पायाला मुंग्या आल्यात. तुम्ही काढा फोटो, मी असाच बरा आहे."

मुलीनं ते जपानीत सांगितलं असावं, कारण आजी लगबगीनं माझ्याकडे आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि माझी पोटरी चोळू लागल्या. मी दोन्ही हातांनी नको नको करत होतो आणि त्यांना वाटलं मला दुखतंय. त्यांनी आजोबांना हाक मारली. दोघं मिळून मला काखेत धरून उठवायच्या बेतात होते, तेवढ्यात आई कन्नडमध्ये, अगदी निवांतपणे म्हणाली की त्याची पँट फाटली आहे, त्याला उठवू नका.

तिथे कन्नड कळणारं आमच्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून तिला काही वाटलं नाही. पण मुलगी हसायला लागली. हसत हसत तिनं आजींना समजावण्याचा प्रयत्न केला. शिवण या शब्दाला जपानीत काय म्हणतात ते तिला येत नव्हतं, म्हणून तिनं कागदी रुमाल घेतला आणि मधोमध टराटरा फाडून दाखवला. मग माझ्याकडे बोट केलं.

आजी हसल्या नाहीत. मान हलवली, उठल्या, आणि निळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक घरगुती किमोनो आणि शिलाईची पेटी घेऊन आल्या. बाकीच्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं आणि स्वतःही बाहेर थांबल्या. मी पँट उतरवली, किमोनो गुंडाळून कमरेला पट्टा बांधला आणि दार उघडलं. आजी आत आल्या, पँटसाठी हात पुढे केला. त्या शिवणार होत्या.

मी पँट दिली नाही. पेटी जवळ ओढली, गडद निळा दोरा निवडला, सुईत ओवला आणि उलटी टीप घालायला लागलो. आजी पाहत राहिल्या. चार-पाच टाक्यांनंतर त्यांनी "ओ" असा एक आवाज काढला आणि माझ्याजवळ बसल्या. हा माणूस नुसता फाटक्या पँटचा नाही हे त्यांना कळलं.

हातानं सबंध शिवण मी कित्येक वर्षांनी घालत होतो. वडिलांनी मला मशीनला हात लावू देण्याआधी सहा महिने नुसती हातशिलाई करायला लावली होती, ती बोटांत राहिली होती. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं, की मी मांडी घालून बसलोय. जमिनीवर, आरामात, पाठीला कशाचा टेकू न घेता. वडील पंचा नेसून बसत. अंगावरचं कापड सैल असलं की गुडघे भांडत नाहीत.

एक बाजू झाल्यावर आजींनी माझ्या हातून हळूच पँट घेतली आणि त्यांची पद्धत दाखवली. त्यांच्या मधल्या बोटावर, पेराच्या मध्ये, चामड्याची एक पट्टी अंगठीसारखी घातलेली होती. आमचं अंगुस्तान बोटाच्या टोकावर टोपीसारखं बसतं. त्यांची सुई जागची हलतच नव्हती. कापडच दोन्ही हातांनी वरखाली होत सुईवर चढत होतं. मी करून पाहिलं. कापड माझ्या हातात चुरगळलं. त्यांनी परत दाखवलं. आम्हा दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि त्याची गरजही पडत नव्हती.

मग मी अंगावरच्या किमोनोची कड उलटून पाहिली. सगळे तुकडे सरळ. कुठे गोलाई नाही, डार्टची चिमटी नाही, कापड कापून टाकलेलं नाही. शिवण अशी, की मनात आलं तर सगळी उसवून पुन्हा सपाट कापड करता यावं. मी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. त्या उठल्या आणि आजोबांचा एक जुना कोट घेऊन आल्या. आतलं अस्तर बाहीजवळ सुटलं होतं. त्यांनी कोट माझ्यापुढे धरला, जरा संकोचून. मी तो घेतला.

मुलगी मला शोधत आली तेव्हा पँट शिवून बाजूला घडी घालून ठेवलेली होती, मी कोटाचं अस्तर लावत होतो आणि आजी सुईत दोरा ओवून देत होत्या. ती दारातच उभी राहिली. तिनं फोटो काढला नाही.

परत येताना आई आणि बायको पुढे चालत होत्या. मुलगी माझ्याबरोबर मागे.

"पहिल्या हिवाळ्यात मी इथे रोज जेवायचे, अप्पा," ती म्हणाली.

"रोज? तू तर घरी स्वयंपाक करायचीस ना? ताटाचे फोटो पाठवायचीस."

"ती ताटं यांचीच."

मग तिनं सांगितलं. ऑफिसात दिवसभर कोणी कामाशिवाय बोलायचं नाही, तिला भाषा धड येत नव्हती, घरी यायच्या आधीच अंधार. एकदा ती या हॉटेलात शिरली आणि सूप समोर आल्यावर तिला रडू आलं. आजी आल्या, समोर बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याहीपुढे शेंगांची परडी ठेवली.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, परत ये."

"म्हणालो असतो."

"आणि मी आले असते," ती म्हणाली.

मी तिच्या कोटाची कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती.

आम्ही परत आलो त्याला आता वर्ष होत आलं. मुलगी तिथेच आहे, आणखी दोन वर्षं तरी राहीन म्हणते. रविवारी ती कधीकधी त्या हॉटेलातूनच फोन लावते, आणि मग फोन आजींच्या हातात जातो आणि इकडे आईच्या. आई कन्नडमध्ये बोलते, कधी मराठीत, आजी जपानीत. मध्ये कोणी थांबत नाही, अडखळत नाही. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. एवढं काय बोलता म्हणून मी एकदा आईला विचारलं.

"गुडघ्याचं," आई म्हणाली.